हुरूप ओसरल्यानंतर : सूतकताई, धुळ्याचा तुरुंग आणि सरावाचा प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर काही तरुण मंडळी थांबली होती. त्यांतला एक तबला शिकतो, एक मुलगी मल्लखांब करते. त्यांचा प्रश्न एकच होता. सुरुवातीला हुरूप असतो, मग तो ओसरतो. हात तर अजून वळलेला नसतो. मधला हा काळ कसा काढायचा? आपल्याकडे या प्रश्नावर उपदेश भरपूर मिळतो. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हटलं की सांगणारा मोकळा आणि ऐकणारा होता तिथेच. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणजे उपदेशाची सवय मलाही आहेच. तरी आज उपदेश बाजूला ठेवून इतिहासातलं एक उदाहरण घेऊ या. हजारो माणसांनी एकाच वेळी एक अवघड हस्तकौशल्य शिकायला घेतलं, बहुतेकांनी ते सोडलं, थोड्यांनी धरून ठेवलं. ते कौशल्य म्हणजे सूत कातणं. आणि या गोष्टीतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आपल्या धुळ्याच्या तुरुंगात घडला.

खानदेशात सुताची गोष्ट सांगायची म्हणजे थोडं अवघडच. हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जळगाव, धुळे, अमळनेरला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. अमळनेरचे प्रताप शेठ गिरणीमालक. याच शेठजींनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. एकीकडे चात्यांची घरघर, दुसरीकडे शांकरवेदान्त! साने गुरुजी या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि मग १९२४ ते १९३० अमळनेरच्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तर अशा मुलखात, जिथे गिरणी एका दिवसात गाड्या भरतील एवढं सूत काढते, तिथे शिकलेल्या माणसाने टकळी घेऊन बसायचं. लोक हसले असतील तर नवल नाही. मराठीत ‘टकळी चालवणे’ याचा अर्थ काय होतो, तुम्हाला माहीतच आहे.

पण हसण्याआधी एकदा हातात पेळू घेऊन पाहावा. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पेळू धरून तो हात मागे न्यायचा. ऐकायला सोपं आहे. गंमत अशी की पीळ सगळीकडे सारखा बसत नाही. सूत जिथे बारीक असतं तिकडे तो आधी धावतो, जाड जागा कोरडीच राहते. हात घाईने मागे गेला की बारीक जागा आणखी बारीक होते आणि तुटते. हात रेंगाळला की पीळ जास्त होतो आणि सुताला वळ पडतात. चिमूट आवळली तर कापूस सुटत नाही, सैल सोडली तर गाठ येते. दोन हातांनी दोन वेगळ्या गतींनी चालायचं, आणि त्यांचा मेळ दर क्षणी बदलत राहायचा. तुटलेलं टोक पुन्हा पेळूच्या तंतूंना लावून सांधायचं. नवशिक्याचा पहिला आठवडा कातण्यापेक्षा सांधण्यातच जातो. डोक्याने समजून इथे काहीच होत नाही. मी आत्ता तुम्हाला पिळाचं जे सांगितलं ते कळल्यामुळे तुमचं सूत एकदाही कमी तुटणार नाही!

आता १९२४ च्या डिसेंबरात जाऊ. बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. तिथे नियम ठरला : काँग्रेसचं सभासदत्व पैशाने मिळणार नाही, सुताने मिळेल. दर महिन्याला स्वतः कातलेलं दोन हजार वार सूत द्यायचं. आजारपण असेल, इच्छा नसेल, तर तेवढंच दुसऱ्याने कातलेलं द्यावं, अशी पळवाटही त्याच ठरावात होती. ठरावांचं हे असं असतं.

हिशेब करून पाहू. बरा हात असलेला माणूस चरख्यावर तासाला तीनशे-साडेतीनशे वार सूत काढतो. म्हणजे दोन हजार वारांना महिन्याचे सहा-सात तास. दिवसाला पंधरा मिनिटंसुद्धा पडत नाहीत. नवशिक्याला दुप्पट धरा, अर्धा तास. आणि हे कोणाला सांगितलं होतं? ज्यांनी वकिली सोडली, सरकारी शाळा सोडल्या, तुरुंग पाहिला त्यांना. त्यांच्या ध्येयनिष्ठेबद्दल आपण कोणी शंका घ्यावी? तरी वर्ष पुरं व्हायच्या आत हा नियम कोसळला. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला काँग्रेस महासमितीने तो बदलला. चार आणे द्या किंवा सूत द्या. मग माणसं काय देणार, हे वेगळं सांगायला नको. कातण्याचं काम त्याच वेळी स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाकडे गेलं.

या प्रसंगाकडे इतिहासकार राजकारण म्हणून पाहतात. स्वराज्य पक्ष, कायदेमंडळं, गांधीजींचं घटलेलं बळ वगैरे. ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जो माणूस देशासाठी लाठी खातो, तो देशासाठी रोज अर्धा तास सूत का कातू शकत नाही? लाठी एकदा खायची असते. त्या वेळी ध्येय डोळ्यांसमोर असतं, आजूबाजूला माणसं असतात, रक्त तापलेलं असतं. सूत उद्याही कातायचं असतं, परवाही. तिसऱ्या आठवड्यात तुटलेला धागा सांधताना स्वराज्य डोळ्यांसमोर येत नाही, तुटलेला धागा येतो. मोठं ध्येय माणसाला चरख्यापर्यंत आणून बसवतं, पण तिथे धरून ठेवायची ताकद त्यात फारशी नसते. आपल्या सर्व प्रेरणादायी भाषणांनी, आणि अशी भाषणं मीही पुष्कळ ऐकली आहेत, हा फरक पुसून टाकला आहे.

इथे थोडं लांब जाऊन येतो, कारण याच काळाच्या थोडं आधी अमेरिकेत या प्रश्नाचा एक चांगला अभ्यास झाला होता. ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ आणि १८९९ साली तारायंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख छापले. तार घेणं, म्हणजे कट्‌ कड्‌ ऐकून अक्षरं ओळखणं, हेही शरीरात मुरवावं लागणारं कौशल्य. त्यांना दिसलं की प्रगती चढते, मग आठवडेच्या आठवडे सपाट राहते, मग पुन्हा चढते. त्या सपाटीत शिकणारा रोज तेवढीच मेहनत करतो आणि त्याला काहीच मिळत नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं होतं : आधी अक्षरांची सवय मुरावी लागते, तेव्हाच शब्द एकदम ऐकू येऊ लागतात, आणि शब्द मुरले की वाक्यं. वरून काही दिसत नाही, खाली बांधकाम चालू असतं. पुढच्या संशोधकांनी ही सपाटी प्रत्येकाला लागतेच का, याबद्दल शंका घेतली, ती रास्त आहे. पण ज्याला ती लागते त्याचं काय होतं, हे तबला शिकणाऱ्याला विचारा. हातात काही पडत नाही अशा दिवसांत माणसाने काय धरून बसायचं, हा खरा प्रश्न आहे.

आता धुळे. १९३२ साल. सविनय कायदेभंगाचा दुसरा फेरा सुरू होता. विनोबा भावे सहा महिन्यांच्या शिक्षेवर धुळ्याच्या तुरुंगात होते. साने गुरुजी तिथेच, जमनालाल बजाजही तिथे. तुरुंगात तरुण सत्याग्रही होते. त्यांचा बाहेरचा हुरूप आत आल्यावर किती दिवस टिकतो, हे तुरुंग पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. बाहेर मिरवणूक असते, आत दिनक्रम असतो. सश्रम कैद्याच्या वाट्याला दळण यायचं. तेच जातं, तेच धान्य, रोज.

या माणसांसमोर विनोबांनी रविवारी गीतेवर बोलायला सुरुवात केली. पहिला रविवार २१ फेब्रुवारी १९३२, शेवटचा १९ जून. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. पंचांग उघडून मोजा : या दोन तारखांच्या मध्ये बरोबर अठरा रविवार येतात. म्हणजे एकही रविवार चुकलेला नाही. पतंजलीने अभ्यास पक्का होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत. काळ लांब हवा, मध्ये खंड नको आणि त्या गोष्टीबद्दल मनात आदर हवा. दुसरी अट दिसायला सर्वांत क्षुल्लक, आणि लोक नापास होतात ते तिथेच.

ही प्रवचनं आपल्याला मिळाली ती साने गुरुजींच्या हातामुळे. बोलणं चालू असताना त्यांनी ती लिहून घेतली. तासभर चालणारं बोलणं हाताने टिपायचं म्हणजे बोटं, मनगट आणि कान यांचाही एक मेळ लागतो, तोही सरावानेच येतो. गुरुजींचा हात किती चालायचा याचा अंदाज पुढच्या वर्षावरून येतो. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ तारखेला संपवली. आपण म्हणतो, अंतःकरणातून आलं. आलं खरं, पण उतरवायला मनगटही तयार होतं!

त्या प्रवचनांत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन जागा महत्त्वाच्या आहेत. पहिली दुसऱ्या अध्यायावरची. फलत्याग म्हटलं की सामान्य माणसाला वाटतं, फळाची इच्छा गेली म्हणजे काम ढिलं पडणार. आमच्या वर्गात दर वर्षी एक तरी विद्यार्थी हे विचारायचा, आणि विचारणारा बहुधा हुशार असायचा. विनोबांचं उत्तर तत्त्वज्ञापेक्षा कारागिराचं आहे. ते म्हणतात, फळावर डोळा ठेवणाऱ्याचा थोडा वेळ आणि थोडी शक्ती फळाच्या विचारात खर्च होते. फळाचा विचार सोडणाऱ्याची ती सगळी कामात जाते. म्हणून त्याचं काम जास्त चांगलं व्हायला हवं. याला तुम्ही अध्यात्म म्हणा. मला हे पेळू धरलेल्या चिमटीबद्दलचं विधान वाटतं. ‘माझं सूत कधी चांगलं होणार’ हा विचार ज्या क्षणी येतो, नेमक्या त्या क्षणी चिमूट आवळते.

दुसरी जागा चौथ्या अध्यायावरची, म्हणजे १३ मार्चच्या रविवारची. गीतेत कर्म, अकर्म, विकर्म असे तीन शब्द येतात. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म, असा जुन्या भाष्यकारांचा अर्थ. विनोबांनी तो सरळ बदलला. बाहेर हात जे करतो ते कर्म, आणि त्याच्या जोडीला आत मन जे करतं ते विकर्म. दोन्ही जुळली की कामाचा भार वाटेनासा होतो, ते अकर्म. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते. हात आणि पाठ, एवढीच काय ती क्रिया. पण तीत जे ओतलेलं असतं त्याने ती वेगळीच होते, असं त्यांचं उदाहरण आहे. शास्त्राच्या दृष्टीने हा अर्थ ओढूनताणून आणलेला आहे असं म्हणणारे पंडित आहेत, आणि त्यांच्याकडे शंकराचार्य आहेत. पण दळण दळून आलेल्या माणसांसमोर बोलताना हा अर्थ सुचणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. त्यांना विचारायचंच असणार की हे तेच ते काम मनाने कसं सोसायचं.

आता मी यात माझं थोडं मिसळतो. मन आत काहीतरी करत असलं पाहिजे, हे खरं. पण काय? ‘मी देशासाठी कातत आहे’ हा विचार दिवसभर घोळवणं हेही एक मानसिक काम आहे, आणि बेळगावनंतर दिसलं की ते पुरत नाही. हाताशी जे घडतंय त्यातच मनाला काम सापडावं लागतं. हा धागा मघाच्या धाग्यापेक्षा सारखा आहे का? आज किती वेळा तुटला? मोठं फळ नजरेआड करावं, पण पुढ्यातला हा बारीकसा निकाल दर क्षणी पाहावा. गीतेच्या अभ्यासकांना ही तडजोड वाटेल. वाटू द्या. कातणाऱ्यांनी केलं हेच. त्यांची भाषा ऐका, ती सगळी मोजण्याची आहे. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लट, चार लटींची गुंडी. सुताचा अंक किती, कस किती, समानता किती. बाहेरच्या माणसाला हे रुक्ष वाटतं. आतल्या माणसाला काल आणि आज यांच्यातला फरक दाखवणारं एवढंच काय ते असतं, आणि सपाटीच्या दिवसांत तेवढ्यावर माणूस तगतो.

विनोबांनी स्वतः हा हिशेब किती टोकाला नेला ते पाहण्यासारखं आहे. तुरुंगातून सुटल्यावर १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीला राहायला गेले. १९३५ मध्ये त्यांनी रोज चार गुंड्या कातायला सुरुवात केली आणि त्याच्या मजुरीत आपला खर्च बसतो का, हे पाहू लागले. चार गुंड्या म्हणजे २५६० तार, दहा हजार फुटांहून जास्त, तीन किलोमीटरच्या पुढे. त्याला दिवसाचे आठ-नऊ तास लागत. हात उत्तम बसलेला, बुद्धी तीक्ष्ण, निष्ठेत खोट नाही. आणि एवढं करून मजुरी किती? पोट भरणार नाही इतकी.

इथे आपला प्रश्न एकदम वळण घेतो. आतापर्यंत मी सराव, हुरूप, सपाटी असं बोलत होतो. पण त्या काळी खेड्यात सूत कातणारी खरी माणसं कोण? गरीब बायका. त्यांना हुरूप टिकवायचा प्रश्न नव्हता, चूल पेटवायचा होता. त्यांचे हात विनोबांइतकेच किंवा जास्तच वळलेले होते. त्यांना कुणी ‘तुमची प्रेरणा कोणती’ असं विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं? नालवाडीच्या प्रयोगाचं मोल मला इथे वाटतं. आठ-नऊ तास कातल्यावर हाती काय पडतं, हे एका माणसाने स्वतःच्या शरीरावर मोजून पाहिलं. त्याच १९३५ मध्ये गांधीजींनी कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हा आग्रह धरला आणि चरखा संघाने ते धोरण म्हणून स्वीकारलं. आठ तासांना आठ आणे हे गांधीजींचं उद्दिष्ट होतं. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी कुरकुर झालीच. सरावाची गोडी, फलत्याग, विकर्म हे सगळं ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने स्वतःपुरतं बोलावं. दुसऱ्याला कमी पैसे देऊन त्याला निष्काम कर्म शिकवणं ही लबाडी आहे. विनोबांच्या शरीरानेही हिशेब मागितलाच. १९३८ मध्ये त्यांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं, आणि प्रकृतीसाठी ते पवनारला राहायला गेले.

मघाशी तुरुंगातल्या दळणाचा उल्लेख केला. ती एक गोष्ट राहिली, ती सांगतो. त्या तरुण सत्याग्रहींना जे दळण जड जात होतं, ते खानदेशातल्या घराघरांत बायका पहाटे उठून करत होत्या. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात. बहिणाबाई चौधरींची घरोटावरची कविता तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत म्हटली असेल. असोद्याची लेक, जळगावची सून, १८८० ते १९५१ असं आयुष्य, अक्षरओळख नाही. त्यांची गाणी दळताना, शेतात राबताना होत गेली. विकर्माचा अर्थ भाष्यकारांशी भांडून काढावा लागला तो विनोबांना. या बायकांकडे तो आधीपासून होता, फक्त त्याला नाव नव्हतं. हात घरोटाच्या खुंट्यावर, मूठ मूठ धान्य घालत राहायचं, आणि मन ओवीत. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच. ओवीची लय आणि जात्याची फेरी एकच. दोघी समोरासमोर बसल्या की एकीने ओवी टाकायची, दुसरीने उचलायची. एकटीला जड जाणारं काम दोघींत हलकं होतं. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एका कष्टाच्या कामातून एवढं वाङ्मय!

आपण भारावून जातो ते ठीक. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा काय झालं? घरोट कोपऱ्यात गेला, आणि बायकांनी मागे वळून पाहिलं नाही. आजही आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना ओव्या विचारा, डोळे मिटून वीस-वीस म्हणतील. मग विचारा, घरोट परत आणायचा का? हसतात, आणि तळहात पुढे करून दाखवतात.